शेजारी की गिऱ्हाईक?



आपल्या ओळखीतील एखादा विमा प्रतिनिधी समोरून येताना दिसला, म्हणजे आपले पाऊल क्षणभर अडखळते की नाही? उत्तर मनातल्या मनात दिले तरी चालेल. माझे पाऊल अडखळत असे. इतकेच नव्हे, तर एकदा मी घरात असतानाच धाकट्या मुलीकरवी 'बाबा बाहेर गेले आहेत' असा निरोप दाराशी पाठविला होता. दाराशी उभे असलेले गृहस्थ परके नव्हते. आदल्याच रविवारी उपासनेच्या वेळी ते माझ्या शेजारच्या बाकावर बसले होते. मुलीला खोटे बोलावयास लावण्याचा दोष माझा, हे उघडच आहे. परंतु त्या मनुष्याला टाळावे असे मला का वाटले, आणि लोकांनी टाळावे अशा व्यवसायावर त्याने वर्षानुवर्षे संसार कसा चालवावा, या दोन प्रश्नांनी पुढे मला पुष्कळ काळ अस्वस्थ केले. त्यांचाच विचार आज आपणांबरोबर करावा असे योजिले आहे.

आरंभी एक शंका बाजूला ठेवू. उद्याची काळजी देवावर सोपविणाऱ्याने विमा उतरवावा काय, असा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून अजूनही अधूनमधून ऐकू येतो. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवून ठेवविला. त्याला कोणी अविश्वासू म्हटले नाही. स्कॉटलंडच्या चर्चमधील रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेब्स्टर या दोन पाळकांनी १७४४ च्या सुमारास पाळकांच्या विधवा व पोरकी मुले यांच्यासाठी एक निधी उभारला. दरवर्षी किती पाळक मरण पावतील, किती विधवा मागे राहतील, याचा त्यांनी हिशेब मांडला आणि तो तपासण्यास कॉलिन मॅक्लॉरिन या गणितज्ञाचे साहाय्य घेतले. आयुर्विम्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या प्रयत्नांत या निधीची गणना होते. त्याच स्कॉटिश परंपरेतील डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले, म्हणजे ही परंपरा आपल्यालाही परकी नाही. एकाच्या घरावर आलेले संकट अनेकांनी थोडेथोडे वाटून घ्यावे, ही विम्यामागील कल्पना मूलतः शेजारधर्माचीच आहे. तेव्हा विमा योग्य की अयोग्य, हा माझा प्रश्न नव्हे. माझा प्रश्न तो घरोघर पोहोचविणाऱ्या मनुष्याविषयी आहे.

मध्य प्रदेशातील एका रेल्वे जंक्शनच्या गावी आमची मराठी मंडळी आहे. नोकरीच्या निमित्ताने विदर्भ-खानदेशातून आलेली आणि तेथेच रुजलेली जेमतेम चाळीस घरे. मी तेथील शाळेत शिक्षक होतो. ज्या बंधूंविषयी मी लिहीत आहे, ते एका कारखान्यात हिशेबनीस होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांचे वय छत्तीस, पदरी दोन मुले. पत्नी मिशन रुग्णालयात परिचारिका. १९९७ साली त्यांनी विम्याची एजन्सी घेतली. विकास अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितले, 'ओळखीच्या शंभर लोकांची यादी करा.' त्यांनी ती केली. भाऊबंद, शेजारी, जुने सहकारी आणि मंडळीतील चाळीस घरे. त्या यादीवर पहिली दोन वर्षे बरी गेली, आणि दोन वर्षांत यादी संपली. ओळखीचा मनुष्य बहुधा एकदाच विमा उतरवितो. घरातील चूल मात्र दररोज पेटवावी लागते. या व्यवसायात दीर्घकाळ टिकून राहण्याची पहिली अडचण ती हीच. अल्पसंख्य समाजात राहणाऱ्याला तर ती अधिकच लवकर भेटते.

दुसरी अडचण गणिताची. १९९८ साली मी त्यांच्याकडून पंचवीस वर्षांची पॉलिसी घेतली. वार्षिक हप्ता २,४०० रुपये. सही करण्यापूर्वी मी विचारले, 'भाऊ, पहिल्या हप्त्यात आम्हांला किती सोडणार?' ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'सर, किती सोडू ते तुम्हीच सांगा.' मी सहाशे रुपये सांगितले आणि त्यांनी ते दिले. त्या काळच्या कायद्याप्रमाणे प्रतिनिधीला पहिल्या वर्षी हप्त्याच्या जास्तीत जास्त ३५ टक्के, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के आणि त्यानंतर दरवर्षी पाच टक्के कमिशन देता येत असे. ही कमाल मर्यादा धरली, तरी माझ्या पॉलिसीवर त्यांना पहिल्या वर्षी ८४० रुपये, पुढील दोन वर्षे १८० रुपये प्रत्येकी आणि उरलेली बावीस वर्षे १२० रुपये प्रत्येकी मिळाले असतील. एकूण ३,८४० रुपये. त्यांतून माझे सहाशे वजा केले, म्हणजे पंचवीस वर्षांत ३,२४०. महिन्याला अकरा रुपयांहूनही कमी. चौथ्या वर्षापासून माझी पॉलिसी त्यांना महिन्याला दहा रुपये देत होती. अशा एक हजार पॉलिसी चालू असत्या, तर महिन्याला दहा हजार मिळाले असते. आमच्या मंडळीत घरे चाळीस!

वाचकहो, या आकड्यांकडे नीट पाहा. नैतिक प्रश्न त्यांतच दडलेला आहे. सही घेण्याच्या दिवशी मोबदला सर्वांत मोठा, आणि त्यानंतर सेवेची जी लांबलचक वर्षे येतात, त्यांत तो नाममात्र. हप्त्याची आठवण करणे, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करून देणे, वारसाचे नाव बदलणे, मृत्यूनंतर विधवेचे कागद भरणे, ही खरी शेजारधर्माची कामे. त्यांना पैसा जवळजवळ नाही. ज्या व्यवस्थेत मनुष्याचे पोट नव्या सहीवर चालते, तेथे हळूहळू शेजाऱ्याचे गिऱ्हाईक होते. मंडळीच्या प्रार्थनासभेत कोणाला नोकरी लागली, कोणाच्या घरी पाळणा हलला, ही वार्ता ऐकून आनंद होण्याऐवजी मनात वही उघडते. हे त्या बंधूंनीच एकदा मला सांगितले. ते म्हणाले, 'सर, त्या दिवशी माझी मलाच लाज वाटली.'

आणि मोह तरी किती परींचे! ज्याला दहा हजारांचा हप्ता झेपणार नाही, त्याला तो झेपेल असे भासविणे; जुनी पॉलिसी मोडावयास लावून नवी गळ्यात घालणे; बाजार चढत असताना शेअरशी जोडलेली योजना मुदत ठेवीसारखी सुरक्षित आहे असे सांगणे. आणि सर्वांत भयंकर मोह म्हणजे अर्जातील आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहिणे.

या शेवटच्या मोहाचीच गोष्ट सांगतो. २००१ साली आमच्या गावातील मालवाहू टेम्पो चालविणारे एक गृहस्थ विमा उतरविण्यास तयार झाले. त्यांना मधुमेह होता. आमच्या बंधूंनी तो अर्जात लिहावयास सांगितला. मग वैद्यकीय तपासणी आली, वाढीव हप्त्याची शक्यता आली आणि गृहस्थ रागावले. 'आपला माणूस म्हणून तुमच्याकडे आलो, तर तुम्हीच अडचणी काढता!' असे म्हणून ते दुसऱ्या एका प्रतिनिधीकडे गेले. तेथे अर्ज निरोगी मनुष्याचा झाला. अकराव्या महिन्यात ते वारले. त्या वेळी पहिल्या दोन वर्षांत मृत्यू ओढवल्यास अर्जातील चुकीच्या माहितीवरून दावा नाकारण्याचा अधिकार कंपनीला होता. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत तीन वर्षांची झाली आहे, आणि तीन वर्षांनंतर मात्र कोणत्याही कारणाने पॉलिसीला हरकत घेता येत नाही. दावा नामंजूर झाला. विधवा आली ती आमच्या बंधूंच्या दारी. त्यांनी तिच्यासाठी विमा लोकपालाकडे अर्ज लिहिला, दोनदा भोपाळला खेपा घातल्या. निकाल तिच्या विरुद्ध गेला. त्या खेपांचे त्यांना काही मिळावयाचे नव्हते, आणि मिळाले नाही.

येथे एखादा उपदेशक म्हणेल, 'पाहा, सचोटी अखेर फळास येतेच.' मला इतक्या सहज तसे म्हणवत नाही. ज्या महिन्यात तो अर्ज हातचा गेला, त्या महिन्यात त्यांच्या मुलाच्या शाळेची फी थकलेली होती. पहिली सात-आठ वर्षे ते घर तगले, ते त्यांच्या पत्नीच्या पगारावर. रात्रपाळीचा भत्ता मिळावा म्हणून त्या माउलीने किती रात्री रुग्णालयात जागून काढल्या, हे मी शेजारी राहून पाहिले आहे. लोक त्यांना प्रामाणिक प्रतिनिधी म्हणून ओळखतात; परंतु त्या प्रामाणिकपणाचा हप्ता दुसरेच कोणी भरीत होते. ज्याच्या घरी अशी पगारदार पत्नी नाही, त्याने काय करावे? त्याला सचोटीचा उपदेश करण्यापूर्वी आपण त्याच्या चुलीकडे पाहिले आहे काय?

म्हणूनच मला असे वाटू लागले आहे की, विमा प्रतिनिधीची सचोटी ही एकट्या त्याची गोष्ट नाही. तिच्यात आपलाही हिस्सा आहे. मी जे सहाशे रुपये मागितले, ते मागणे १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमाने निषिद्ध होते. देणाराही दोषी आणि घेणाराही. त्या वेळी दंड पाचशे रुपयांपर्यंत होता. आज तो दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. मी शिक्षक, दर रविवारी वचन वाचणारा. तरी मला त्यात काही गैर वाटले नाही. 'सगळेच घेतात' एवढे समाधान पुरेसे झाले. परंतु परिणाम काय झाला? माझ्या सहाशे रुपयांची तूट भरून काढण्यास त्यांना आणखी एक दार ठोठवावे लागले असेल. तेथेही कोणी सवलत मागितली असेल. अशा रीतीने आपणच त्याला पळावयास लावतो, आणि तो धापा टाकीत आपल्या दाराशी आला म्हणजे आपणच मुलीला पुढे करतो.

योहान बाप्तिस्मा करणाऱ्याकडे जकातदार आले, तो प्रसंग आपणांस ठाऊक आहे. आम्ही काय करावे, असे त्यांनी विचारले. धंदा सोडा, असे योहानाने सांगितले नाही. ठरवून दिलेले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. मला हे उत्तर फार मोलाचे वाटते. ज्या व्यवसायात मोह पदोपदी आहे, त्यातही राहता येते. मात्र मर्यादा आधीच आखून ठेवावी लागते. प्रतिनिधीने ती आखावी: शोकाच्या घरी पहिल्या महिन्यात विम्याचा विषय काढणार नाही, आजार लपविणार नाही, ज्याचा हप्ता मला स्वतःला त्याच्या जागी झेपला नसता, तो त्याला सांगणार नाही. आणि आपणही आपली मर्यादा आखावी: सवलत मागणार नाही, प्रकृतीविषयी खरे सांगेन, घ्यावयाचे नसेल तर तोंडावर, प्रेमाने 'नको' म्हणेन. स्पष्ट नकार मिळालेल्या मनुष्याला पुढच्या रविवारी डोळ्याला डोळा भिडविता येतो. टाळल्या गेलेल्याला येत नाही.

मधल्या काळात कायदा पुष्कळ बदलला. २०१० साली शेअरशी जोडलेल्या योजनांच्या खर्चावर बंधने आली. २०२३ पासून कमिशनचे जुने ठरीव दर जाऊन कंपन्यांना खर्चाच्या एकूण मर्यादेत ते ठरविण्याची मोकळीक मिळाली. पसंत न पडलेली पॉलिसी परत करण्याची मुदत पंधरा दिवसांची होती, ती २०२४ साली तीस दिवसांची झाली. आयुर्विमा महामंडळाच्या प्रतिनिधींच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा २०२३ साली तीन लाखांवरून पाच लाखांवर गेली. हे सर्व चांगलेच झाले. परंतु दोन मनुष्ये टेबलाच्या दोन बाजूंना बसून अर्ज भरीत असतात, तेव्हा आजाराच्या रकान्यापाशी लेखणी थांबते की पुढे सरकते, ते पाहण्यास तेथे कोणी अधिकारी नसतो. तेथे त्या दोघांची सदसद्विवेकबुद्धीच असते.

माझी पॉलिसी २०२३ साली पूर्ण झाली. पंचवीस वर्षांत माझा एकही हप्ता चुकला नाही. कारण दरवर्षी महिनाभर आधी ते बंधू आठवण करावयास येत, दारावर टाळला गेल्यानंतरही. १२० रुपयांसाठी कोणी पंचवीस वर्षे येत नसतो, हे मला फार उशिरा उमगले. पूर्ततेचे कागद घेऊन ते आले, तेव्हा साठी ओलांडलेली, सायकलची जागा जुन्या स्कूटरने घेतलेली. मी त्या सहाशे रुपयांचा विषय काढला आणि पाकीट पुढे केले. त्यांनी ते घेतले नाही. म्हणाले, 'सर, तुमच्या जावयांनी अजून विमा उतरविलेला नाही. घ्या असे मी म्हणत नाही. पण त्यांना एकदा माझ्याशी बोलू तरी द्या.'

मी जावयांना बोलावून घेतले. त्यांनी काय ठरविले, हा त्यांचा प्रश्न. मात्र त्या दिवशी दार मी स्वतः उघडले होते. वाचकहो, आपल्याही दाराशी उद्या असा कोणी उभा राहील. त्याच्याकडून काही घ्यावे की न घ्यावे, हे आपण आपल्या ऐपतीनुसार ठरवावे. दार मात्र आपण स्वतः उघडावे.