गुरुवारचे चिंतन : दचका आणि हेलकावे

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



आज चिंतनाच्या आधी एक कबुली द्यायची आहे. ग्रुपवर सगळी घरचीच माणसं आहेत, म्हणून लिहितो.

आपल्या बेळगावच्या केंद्रात आम्ही दोघं बरीच वर्षं एक छोटी सेवा करतो. अनगोळ, वडगाव, शहापूर भागातल्या वयस्कर मंडळींना आमच्या गाडीतून गुरुवारच्या उपासनेला आणायचं आणि आरतीनंतर घरी सोडायचं. गाडी २००९ ची. लाखाच्या वर किलोमीटर झाले आहेत, पण सकाळी पहिल्या चावीला सुरू होते, म्हणून आमचा तिच्यावर फार विश्वास.

वडगावच्या एक काकू, ऐंशी पार केलेल्या, आमच्या नेहमीच्या. पाडव्यानंतर त्या येईनाशा झाल्या. फोन केला की, "या गुरुवारी नको गं, पुढच्या गुरुवारी बघू." असे दोन-तीन महिने गेले. आणि आम्ही काय म्हटलं? की काकूंची आता पहिल्यासारखी ओढ राहिली नाही. वय झालं तरी माणसाचा संसार सुटत नाही, मालिका बघत बसत असतील. हे आम्ही बोललो, तेही उपासनेहून परतताना, प्रसादाचा द्रोण मांडीवर घेऊन.

पुढे आषाढात नणंदबाई मडगावहून आल्या आणि त्यांना घेऊन आम्ही नृसिंहवाडीला गेलो. कृष्णेचं पाणी चढायला लागलं होतं. दर्शन छान झालं. येताना नणंदबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "दादा, ही गाडी आहे की होडी? खड्डा मागे गेला तरी आपण अजून हलतोयच." हे हसले. म्हणाले, "जुनी झाली गं, चालायचंच." आणि पुढे म्हणाले, "गुरुमाऊलींच्या सेवेतली गाडी आहे, ते सांभाळतात."

संकेश्वरच्या अलीकडे रिमझिम पावसात एक मोटरसायकल अचानक आडवी आली. ह्यांनी ब्रेक दाबला. गाडीने असं नाक खाली घातलं की आम्ही सगळे पुढे ढकललो गेलो, आणि ओल्या रस्त्यावर ती सरकत सरकत त्या मोटरसायकलपासून दोन वितींवर थांबली. मागे एक लहान मूल बसलं होतं. ते आमच्याकडे वळून बघत होतं. त्यानंतर घरी येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी उद्यमबागेतल्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी खाली दाबली आणि सोडली. चांगली गाडी एकदा वर येऊन स्थिर होते. आमची तीन-चार वेळा वर-खाली होत राहिली. मग त्यांनी चाकामागे बॅटरी मारून दाखवली. डाव्या शॉकॅब्सरवर तेल पाझरून त्यावर धुळीचा काळा थर बसला होता. टायरवरून हात फिरवायला सांगितला, तर रबर मध्ये मध्ये खळगे पडल्यासारखं झिजलेलं. म्हणाले, "वैनी, गाडी चालतीया म्हणजे बरी हाय असं न्हवं की ओ. ह्ये एका दिवसात झालेलं न्हाई."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. आम्हाला तर वाटायचं की दचका झेलणारी ती स्प्रिंग. झेलते तीच, गाडीचा भारही तिच्यावरच असतो. पण नुसती स्प्रिंग एकदा दबली की उड्याच मारत राहणार. तिच्या उड्या शांत करतो तो आतला शॉकॅब्सर. त्याच्या नळीत तेल असतं, दांड्याच्या टोकाला दट्ट्या असतो आणि त्याला बारीक छिद्रं. खड्डा आला की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. उडीचा जोर तिथे जिरतो, त्याची तेलात नुसती उष्णता होते. तेल गळालं तरी स्प्रिंग शाबूत असते, त्यामुळे गाडी बसत नाही, बंद पडत नाही. फक्त हेलकावे वाढतात आणि ब्रेक मारल्यावर चाक रस्त्याला घट्ट धरून राहत नाही. पण झीज इतकी हळूहळू होते की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. मडगावहून आलेल्या पाहुणीला मात्र अर्ध्या तासात कळलं.

गुरुमाऊली आपल्याला कितीदा सांगतात की दचके सर्वांना बसणार, साधकालाही बसणार. सुनेचा एक शब्द, मुलाचे मार्क, जागेचा वाद, दवाखान्याचं बिल. स्प्रिंग दबणारच. प्रश्न एवढाच की त्यानंतर आपण किती वेळ उसळत राहतो. सकाळच्या शब्दावर रात्रीपर्यंत? की दोन वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या मानपानावर अजून? नाम आतल्या तेलासारखं आहे. ते दिसत नाही, पण जोर तिथेच जिरतो. आणि ते पाझरायला लागलं तरी बाहेरून सगळं ठीक दिसतं. माळ चालू, गुरुवार चालू, सेवाही चालू. आपल्याला कळत नाही. मागच्या सीटवर बसलेल्यांना कळतं. घरात आपल्या मागच्या सीटवर कोण बसलंय, ते ज्याने त्याने बघावं. (आमच्या धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, "आई, तू हल्ली खूप वेळ चिडलेली असतेस." हे ऐकायला अकरावीतलं पोर लागलं.)

आमच्या ह्यांचं म्हणणं पडलं की डाव्याचंच तेल गळतंय तर डावाच बदला. मिस्त्रींनी साफ नाही म्हटलं. पुढचे दोन्ही जोडीनेच बदलायचे. एक नवा, एक झिजलेला ठेवला तर दोन्ही बाजू वेगळ्या वागतात आणि गाडी नीट सरळ राहत नाही. वरचं रबराचं माउंट आणि बेअरिंगही त्याच वेळी बदलायचं, नंतर अलाइनमेंट. सगळे मिळून अकरा हजारांच्या वर झाले. त्याच वर्षी आम्ही सीट कव्हरं नवी घातली होती, त्यासाठी पैसे होते. जोडीने बदलण्याच्या गोष्टीवर आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, तेवढं पुरे. प्रत्येक पार्टला अध्यात्म चिकटवायचं नाही.

पण "ते सांभाळतात" यावर बोलायलाच हवं. वाडीला पावसाळ्यात पाणी पादुकांपर्यंत चढतं. दक्षिणद्वार सोहळा आपण भक्तिभावाने बघायला जातो. पण पुजारी मंडळी पाणी चढताना नुसते हात जोडून बसतात का? पाण्याकडे लक्ष ठेवून उत्सवमूर्ती वेळेत वरच्या जागी हलवतात. ते करणाऱ्यांची श्रद्धा आपल्यापेक्षा कमी आहे का? आम्ही मात्र अकरा हजारांची दुरुस्ती माऊलींच्या नावावर ढकलली होती. त्यात दुसऱ्यांची म्हातारी माणसं बसवत होतो, आणि त्याला सेवा म्हणत होतो.

दुरुस्ती झाल्यावर काकूंकडे गेलो. काकू आत झोपल्या होत्या. सूनबाई चहा टाकता टाकता हळूच म्हणाल्या, "त्यांना मणक्याचा त्रास आहे. तुमच्या गाडीतून आल्या की दोन दिवस पडून राहायच्या. पण तुम्हाला सांगायचं नाही म्हणाल्या. सेवा करणाऱ्यांचं मन दुखावू नये म्हणून." आणि दर गुरुवारी आरतीच्या वेळी काकू घरी समई लावून माऊलींच्या फोटोसमोर खुर्चीत बसत होत्या. एकही गुरुवार चुकला नव्हता.

आम्ही चहा तसाच ठेवला. काकू उठल्यावर त्यांच्या पाया पडलो आणि गाडीत जे बोललो होतो ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मी खरंच मालिका बघते. पण गुरुवारी नाही."

डॉक्टरांना विचारून गेल्या गुरुवारी काकू आल्या. पुढच्या सीटवर, पाठीला उशी लावून. वाटेत स्पीडब्रेकर आला तेव्हा ह्यांनी गाडी अगदी हळू घेतली आणि आम्ही तिघेही नकळत श्वास रोखून बसलो. गाडी एकदा उचलली आणि स्थिर झाली.

येत्या गुरुवारी नेहमीप्रमाणे संध्याकाळी सहा वाजता वडगावहून गाडी निघेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी बुधवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव टाकावं. कंबर, मणका, गुडघा, काहीही त्रास असेल तर संकोच न करता आम्हाला वेगळा फोन करावा. आणि जे कोणी आपल्या गाडीतून मंडळींना आणतात, त्यांनी निघण्याआधी बॉनेटचा कोपरा एकदा दाबून सोडून बघावा.