कुलूप असलेलं घर

माझ्या एमडीच्या प्रबंधात एक खोटं वाक्य आहे. ‘घरांची निवड यादृच्छिक पद्धतीने करण्यात आली.’ मराठवाड्यातलं एक गाव, जानेवारी महिना, विषय बायकांमधला रक्तक्षय. हातात हिमोग्लोबिन मोजायची साहलीची नळी आणि घरांची यादी. यादी चिठ्ठ्या टाकूनच काढली होती, तेवढं पुण्य पदरात आहे. पण सकाळी अकराला गावात पोचावं तर यादीतल्या घराला कुलूप. पुढच्या गल्लीत आणखी एक कुलूप. मार्गदर्शकांनी निघतानाच सांगून ठेवलं होतं, ‘कुलूप दिसलं की शेजारचं घर घ्यायचं, जास्त डोकं लावायचं नाही.’ मी लावलं नाही. शेजारच्या घरात सासू ओट्यावर बसलेली असायची, सून चहा टाकायची, दोघींचं रक्त मिळायचं, रकाना भरायचा.

कुलूप का होतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. माणसं ऊसतोडीला साखर कारखान्याला गेली होती. मुकादमाची उचल घेऊन, पोरं आजीपाशी टाकून, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. ज्या बाया तिकडे पहाटेच्या अंधारात डोक्यावर मोळ्या वाहत होत्या आणि पालात निजत होत्या, त्यांच्या जागी मी घरी राहणाऱ्या शेजारणीचं रक्त मोजलं आणि निष्कर्षात बिनदिक्कत ‘ग्रामीण स्त्रिया’ असं लिहिलं. परीक्षकांनी सूत्र विचारलं, टक्केवारी विचारली. कुलपांचं कोणी विचारलं नाही. पुढे मी स्वतः मार्गदर्शक झालो आणि बरीच वर्षं मीही विचारलं नाही.

नमुना निवडीचा धडा आम्ही संख्याशास्त्राच्या कपाटात ठेवून दिला आहे. परीक्षेपुरता काढायचा, झटकायचा, परत ठेवायचा. माझं म्हणणं असं, की तो नीतीचा धडा आहे. कोणाला मोजायचं हे ठरवताना आपण कोणाला वगळायचं तेही ठरवत असतो, आणि औषधं, पैसा, माणूसबळ मोजलेल्यांच्याच वाट्याला जातं.

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपण फार बेफिकिरीनं वापरतो. पंगतीचा भात शिजवणारा आचारी वरचं शीत उचलत नाही. तो उलथनं तळापर्यंत घालतो, कारण वर फडफडीत आणि खाली करपलेला भात एकाच पातेल्यात असतो हे त्याला अनुभवानं माहीत आहे. आमच्या प्रबंधांत मात्र ‘ओपीडीत आलेले सलग शंभर रुग्ण’ हे वरचं शीत असतं, आणि शीर्षकात अख्ख्या जिल्ह्याचं नाव.

ओपीडी कुठल्या बाजूला फसवेल याचा नेम नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास छापून आला आणि जगाचं लक्ष गेलं. 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. पण मी विद्यार्थ्यांना दुसराच आकडा पाठ करायला लावतो: यांपैकी फक्त 8 टक्के जणींची त्याआधी कधी अशी तपासणी झालेली होती. दवाखान्यात खुर्ची टाकून अभ्यास केला असता तर हाती या आठ टक्क्यांतल्याच लागल्या असत्या. बाकीच्या सोसत होत्या, आणि सोसणाऱ्याची केसपेपरवर नोंद होत नाही.

आता उलट बाजू. 2006 साली यूएनएड्सच्या अहवालात भारतातल्या एचआयव्हीबाधितांची संख्या 57 लाख दिली होती, जगात सर्वांत जास्त. तोवरचा अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायका आणि गुप्तरोग विभागातले रुग्ण यांच्या रक्तावर बांधलेला होता. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची तिसरी फेरी झाली. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण चालवते. या फेरीत घरोघर जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं आणि 2007 च्या जुलैत अंदाज सुमारे 25 लाखांवर आला. रोग रातोरात निम्मा झाला नव्हता. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यातल्या अभ्यासानं एक कारण दाखवून दिलं होतं: खासगी दवाखाने एचआयव्हीचा संशय असलेल्या बायकांना सरकारी रुग्णालयाकडे लोटत होते. साहजिकच तिथे त्यांची दाटी. अर्थात घरोघरच्या पाहणीलाही भोक असतंच. ज्याला घरच नाही, जो फुटपाथवर, लॉजवर, ट्रकच्या केबिनमध्ये राहतो, तो तिच्या जाळ्यातून निसटतो. म्हणून नवा अंदाज बांधताना दोन्हीकडची माहिती जोडावी लागली.

नमुना कसा फसवतो हे काही आपल्याला साहेबानं येऊन शिकवायला हवं होतं असं नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे हे नमुना पाहणीच्या शास्त्रातलं जगन्मान्य नाव. पिकाचा उतारा काढताना शेतात लहानशी चौकट आखून तेवढंच पीक कापून तोलतात. चाळीसच्या दशकात सुखात्म्यांनी दाखवलं की चौकट फार लहान असली की उतारा फुगतो. कारण? काठावर उभं असलेलं भरघोस रोप आत धरावं की बाहेर, असा प्रश्न येतो आणि कापणाऱ्याचा हात ते अलगद आत ओढतो. यात लबाडी नसते, भरल्या कणसाची ओढ असते. चौकट जेवढी लहान तेवढं काठाचं प्रमाण मोठं, म्हणून चूकही मोठी. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांशी त्यांचा याच मुद्द्यावर वाद गाजला. माझ्या प्रबंधातली शेजारीण म्हणजे असं काठावरचं रोप होती. दार उघडं होतं, म्हणून मी तिला आत ओढलं.

आणि गावात शिरण्याची दिशा? लसीकरणाच्या पाहणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं एक सुटसुटीत रीत घालून दिली होती: तीस गावं किंवा वस्त्या, प्रत्येकी सात मुलं. गावाच्या मध्यभागी पेन नाहीतर बाटली गरगर फिरवायची आणि टोक जिकडे थांबेल तिकडे चालू लागायचं. रीत गरजेपोटी आलेली, तिनं कामही पुष्कळ केलं. पण आपल्या गावाचा मध्य म्हणजे पार, देऊळ, चावडी. तिथून निघालेला दमलेला माणूस गावठाण ओलांडतच नाही, सात मुलं आधीच मिळतात. तांडा राहतो, पारध्यांची पालं राहतात, ओढ्यापलीकडची वस्ती राहते. शतकानुशतकं गावकुसाबाहेर ठेवलेली माणसं आमच्या तक्त्यातही गावकुसाबाहेरच राहतात, आणि आम्ही या तक्त्याला वैज्ञानिक म्हणतो.

थर वेगळे काढून मोजलं की काय दिसतं ते मुंबईनं जुलै 2020 मध्ये पाहिलं. तीन प्रभागांतल्या रक्तपाहणीत झोपडपट्टीत 57 टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली, इतर वस्तीत 16 टक्के. सगळं एकत्र कालवून एकच टक्का काढला असता तर तो ना झोपडीचा, ना टॉवरचा.

एवढं असून आमच्या नैतिकता समितीत चर्चा होते ती नमुना किती मोठा याची. ‘फोर पी क्यू अपॉन एल स्क्वेअर’ हा आमचा गायत्री मंत्र. पी ला पन्नास धरा, चूक पाच टक्के धरा, उत्तर चारशे. शेकड्यांनी प्रबंध या चारशेवर उभे आहेत. चारशे माणसं आणली कुठून, हे विचारायला समितीकडे वेळ नसतो. संख्या वाढवली की योगायोगानं होणारी चूक कमी होते, वाकडेपणा जात नाही. ओपीडीतल्या चारशेंऐवजी चार हजार घेतले तर तीच चूक जास्त आत्मविश्वासानं सांगता येते, एवढाच फरक.

विद्यार्थी कुरकुरतात, आणि त्यांचंही खरं आहे. ड्यूटी छत्तीस तासांची, गाडी मिळत नाही, खर्च खिशातून. मी त्यांना सांगतो, चारशे सोडा, शंभर घ्या, पण यादीतून घ्या. आशाताईंच्या वहीत घरं असतात, आणि तांड्यावर स्वतः पायी जाऊन राहिलेली घरं वहीत चढवता येतात. हजार घरांतून शंभर हवी असतील तर दर दहावं घर. सुरुवात कुठून? खिशातली नोट काढा, तिच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा बघा. सात असेल तर सातवं, मग सतरावं, सत्ताविसावं. शून्य आलं तर दहाव्यापासून. दहा रुपयांची मळकी नोट पुरते, ती जात विचारत नाही आणि उन्हाला कंटाळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात प्रत्येक निवडलेल्या गावातली घरं आधी मोजून लिहितात, त्यांतली 22 काढतात, आणि निवडलेलं घर बंद असलं तर पुन्हा जातात. शेजारचं घर घ्यायला परवानगीच नाही.

सोयीचा नमुना घेणं पाप आहे असं मी म्हणत नाही. एखाद्या नव्या आजाराचा पहिला अंदाज घ्यायचा असतो, किंवा ज्यांची यादीच होऊ शकत नाही अशा माणसांपर्यंत एकाच्या ओळखीनं दुसऱ्याकडे असं पोचावं लागतं. बायका औषधाच्या गोळ्या का टाकून देतात हे समजून घ्यायला पंधरा जणी निवडून त्यांच्याशी तास-तासभर बोलणंच बरं. आक्षेप खोट्या नावाला आहे. ‘सोयीनुसार घेतले’ असं लिहिण्याची लाज वाटते म्हणून ‘यादृच्छिक’ लिहायचं, याला भेसळ म्हणतात. दुधात पाणी घालणाऱ्याला आपण पकडून देतो.

आता माझ्या विद्यार्थ्यांच्या तक्त्यात एक जास्तीचा रकाना असतो, ‘कुलूप’. एका मुलीनं तो जानेवारीत भरला आणि मे महिन्यात, कोयते परतल्यावर, त्याच घरांकडे पुन्हा गेली. मीही सोबत होतो. दार उघडं होतं, दाराशी बोचकी अजून बांधलेलीच. बाईनं आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं, मग बोट पुढं केलं आणि लगेच मागं घेतलं.

“घ्या रक्त,” ती म्हणाली, “पन कागद मला द्यायचा. मागं एकदा तिकडं फडावर नेलतं कुनी. कागद काय आलाच नाही.”