चंद्रावरच्या सारथ्याचे मोल

२७ ऑगस्ट २०२३ रोजी प्रज्ञान रोव्हरच्या वाटेत चार मीटर रुंदीचा खड्डा आला. दिसला तेव्हा तो अवघ्या तीन मीटरवर होता. पृथ्वीवरून मागे फिरण्याचा आदेश गेला आणि २६ किलोची ती गाडी सुखरूप दुसऱ्या वाटेला लागली. चांद्रयान-३ म्हटले की सगळ्यांना ते उतरण्याचे क्षण आठवतात. मला हे वळणे आठवते. गाडी बांधणे वेगळे आणि हाकणे वेगळे. या हाकण्यालाही पैसा लागतो, हे उमगायला अर्धशतक जावे लागले.

नोव्हेंबर १९७० मध्ये सोव्हिएत संघाची लुनोखोद-१ ही गाडी चंद्रावर उतरली. क्रिमियातल्या केंद्रात बसून पाच जण तिला चालवत: कमांडर, चालक, दिशादर्शक, अभियंता आणि अँटेना सांभाळणारा एक. समोरचे दृश्य सलग दिसत नसे, काही सेकंदांनी एकेक स्थिर चित्र येई. शिवाय संदेशाच्या जाण्यायेण्यातच अडीच सेकंद जात. दगड पडद्यावर दिसेपर्यंत चाक त्यावर चढलेलेही असायचे. तरी त्या माणसांनी तिला साडेदहा किलोमीटर नेले. गाडी सरकारी, सारथीही सरकारी. सारथ्याचा खर्च वेगळा मांडायचे कोणाला कारणच नव्हते.

ते कारण खासगी कंपन्यांनी आणले. २००७ मध्ये गूगल लूनर एक्सप्राइझ ही बक्षिसाची स्पर्धा जाहीर झाली. मुख्यतः खासगी पैशावर चंद्रावर उतरायचे, ५०० मीटर चालायचे आणि चित्रे पाठवायची. बंगळूरूच्या टीमइंडसने त्यासाठी ‘एक छोटीसी आशा’ नावाचा रोव्हर तयार केला. २०१८ मध्ये मुदत संपली. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. त्याच वर्षी नासाने आपली उपकरणे चंद्रावर वाहून नेण्यासाठी नऊ कंपन्या निवडल्या. यान कंपनीचे, सरकार भाडे देणार.

कॅनडाने यात नेमके हाकण्याचे काम हेरले. २०१९ मध्ये पाच वर्षांसाठी १५ कोटी कॅनेडियन डॉलरचा चांद्र-कार्यक्रम जाहीर झाला. त्यातून ओटावाच्या मिशन कंट्रोल या कंपनीला निधी मिळाला. अमिरातीच्या रशीद रोव्हरने टिपलेल्या चित्रांत दगड कुठे, खड्डा कुठे, हे पृथ्वीला न विचारता तिथल्या तिथे ओळखणारे सॉफ्टवेअर तिने बनवले. पण एप्रिल २०२३ मध्ये रशीदला नेणारे जपानी कंपनी आयस्पेसचे यान विवराच्या कडेवरून जाताना उंचीच्या हिशेबात चुकले. इंधन संपले आणि ते कोसळले. रशीदचे चाक फिरलेच नाही.

करदात्यांचा पैसा बुडाला, असे मला म्हणवत नाही. अशा लहान रोव्हरचे आयुष्य बहुधा चंद्रावरच्या एका दिवसाचे, म्हणजे आपल्या चौदा दिवसांचे. मग रात्रीची थंडी त्याला संपवते; प्रज्ञानही निजला तो पुन्हा उठला नाही. हाकण्याची विद्या मात्र ती शिकलेल्या माणसांजवळ राहते आणि पुढच्या गाडीला लागू पडते. सार्वजनिक पैसा तिथे लागावा, हे मला मनापासून पटते.

मात्र ती विद्या एकाच कंपनीच्या कुलपात जाऊ नये. आयस्पेसने अपघाताचे कारण जगाला सांगितले, म्हणून इतरांना त्यातून शिकता आले. पण ते तिच्या मर्जीवर सोडून कसे चालेल? नासाने २०२४ मध्ये अंतराळवीरांच्या चांद्रगाडीसाठी तीन कंपन्यांशी करार केले, तेही गाडी विकत न घेता तिची सेवा घेण्याचे. अंतराळवीर नसतील तेव्हा कंपनीने ती स्वतःच्या कामासाठी फिरवावी, अशी मुभा त्यात ठेवली. त्या फेऱ्यांत दिसलेला खड्डा सर्वांच्या नकाशावर आला पाहिजे, हे पैसे देणाऱ्याने आधीच लिहून घ्यावे.