दयेचा निवाडा

करारनाम्यातील शर्तीवर बोट ठेवून व्यापारी अँटोनियोच्या देहातील एक पौंड मांस मागणाऱ्या ज्यू सावकार शायलॉकला, दयेचे माहात्म्य ऐकवणाऱ्या त्याच न्यायसभेत, प्राणदान मिळते ते ख्रिस्ती होण्याच्या अटीवर. आणि दुसऱ्याचा धर्म हिरावून घेणाऱ्या अशा कृपेस दया म्हणावे काय, हा शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ नाटकातील प्रश्न मला सुडाच्या प्रश्नाहून गहन वाटतो. रंगभूमीवर पाचवा अंक प्रेमिकांच्या चांदण्यात रमतो, शायलॉक पुन्हा दिसतच नाही.

मायकेल रॅडफर्ड यांनी मात्र या नाटकावरील २००४ च्या चित्रपटात, १५१६ पासून ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडणाऱ्या व्हेनिसचे वास्तव आरंभीच मांडले, संहितेत केवळ संवादातून कळणारे अँटोनियोचे शायलॉकवर थुंकणे प्रत्यक्ष दाखवले, आणि अखेरीस अल पचिनोचा शायलॉक स्वजनांच्या प्रार्थनामंदिराबाहेर एकाकी उभा केला. हा मूळ कृतीत फेरफार आहे, असा आक्षेप मला मान्य नाही. शेक्सपिअरने घडवलेल्या सक्तीच्या धर्मांतराचा परिणामच तेथे दृश्य झाला आहे. शायलॉकचे क्रौर्यही त्यामुळे माफ होत नाही, कारण न्यायसभेत त्याने परजलेली सुरी दिग्दर्शकाने कोठेही झाकलेली नाही.