वाणसामान कोठून आणावें?

नीतिशास्त्राचे ग्रंथ चाळले असतां त्यांत सत्य, दया, शौर्य, स्वार्थत्याग अशा मोठमोठ्या विषयांची चर्चा आढळते. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत घरोघर वाणसामानाची जी यादी होते, ती घेऊन कोणत्या दुकानाची पायरी चढावी, या प्रश्नाला त्या ग्रंथांत कोठेंच जागा नाहीं. हा सोयीचा प्रश्न आहे, ज्याचा त्यानें सोडवावा, त्यांत नीतीचा संबंध काय, असेंच बहुतेकांस वाटतें. परंतु जेथें प्राण पणास लावावे लागतात असे प्रसंग आपल्यासारख्या पांढरपेशा कुटुंबांच्या वाट्यास क्वचितच येतात. यादी मात्र वर्षांतून बारा वेळां होते, आणि चाळीस वर्षांच्या संसारांत ती जवळजवळ पांचशें वेळां होते. जें कृत्य मनुष्य पांचशें वेळां करतो तें त्याच्या स्वभावांत मुरल्याशिवाय राहत नाहीं. तेव्हां वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या प्रश्नाचा थोडा बारकाईनें विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

जेथें निवड नाहीं तेथें नीतीचा प्रश्नही उद्भवत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ सालीं, मुंबईंत रेशनिंग सुरू झालें, तेव्हां धान्य कोणत्या दुकानांतून घ्यावयाचें हें कार्डच ठरवीत असे. गिऱ्हाइकाकडे रांगेंत उभें राहण्यापलीकडे कांहीं उरलें नव्हतें. आजच्या पुणेंकराची स्थिति अगदीं उलट आहे. भाजीपाल्यासाठीं शुक्रवार पेठेंतील मंडई आहे. वर्षाची बेगमी एकदम भरावयाची असेल तर गुलटेकडीचें मार्केट यार्ड आहे. ग्राहकांच्या चळवळींतून निघालेलीं भांडारें आहेत. ढकलगाडी पुढें घालून आपल्याच हातानें फळीवरचा माल काढून घ्यावा अशीं विस्तीर्ण दुकानें आहेत. आणि मोबाइलवर बोट टेकतांच कांहीं मिनिटांत दाराशीं येऊन पडणारी पिशवीही आहे. या सर्वांच्या गर्दींत कोपऱ्यावरचा वाणीही अद्याप आपली तागडी, आतां विजेचा कांटा, सांभाळून बसलेला आहे.

बाजाराचा प्रश्न हा धर्माधर्माचा प्रश्न आहे, ही कल्पना पुण्यास नवी नाहीं. पूर्वीं शनिवारवाड्यापुढच्या मैदानांत भरणारा भाजीबाजार १८८६ सालीं बांधलेल्या ज्या प्रशस्त इमारतींत गेला, तिला त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव दिलें होतें. या इमारतीवरील भारी खर्चाला जोतीराव फुले यांनीं म्युनिसिपालिटीचे सभासद या नात्यानें विरोध केला होता. तो पैसा लोकांच्या शिक्षणाकडे लागावा असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें त्याच मंडईस त्यांचें नांव मिळालें. त्यापूर्वींच, १८७२ सालीं, सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनीं स्वदेशी वस्त्राचें व्रत घेतलें आणि १८७७ च्या दिल्ली दरबारास ते जाडीभरडी खादी अंगावर घालून गेले. १९०५ सालीं तर विलायती कापडाची होळी याच शहरांत झाली. म्हणजे बाजारांत मोडलेला रुपया हा केवळ रुपया नसून तो एक प्रकारचें मत आहे, हें पुण्यानें केव्हांच ओळखलें होतें. मात्र त्या चळवळीचा प्रश्न "काय घ्यावें" हा होता. आमचा प्रश्न "कोणाकडून घ्यावें" हा आहे, आणि तो त्याहून अवघड आहे; कारण येथें समोर परकी सत्ता नसून दोन्ही बाजूंस आपलींच माणसें आहेत.

प्रथम काटकसरीचा पक्ष घेऊं. चार पैसे वांचविण्यासाठीं दूरच्या दुकानांत जाणाऱ्या गृहिणीस कृपण म्हणणें हा शुद्ध अन्याय होय. तेलाच्या डब्यामागें वांचलेले पैसे मुलांच्या वह्यापुस्तकांकडे किंवा सासूबाईंच्या औषधाकडे जातात. जो पैसा घरांतील सर्वांचा आहे तो जपून खर्चणें हें घर चालविणाराचें कर्तव्यच आहे. "वाण्याला वाईट वाटेल" म्हणून मुलाच्या तोंडचें दूध कमी करणें याला उदारता म्हणतां येणार नाहीं. शिवाय मोठें दुकान स्वस्त देतें तें कांहीं जादूनें नव्हे. तें माल घाऊक घेतें, मधले हात टाळतें, आणि माल निवडण्याचें व घरीं वाहण्याचें काम गिऱ्हाइकाकडेच सोंपवतें. या हिशेबांत मुळांत लबाडी नाहीं. काटकसर खरी असावी एवढीच अट आहे. दहा रुपये स्वस्त साखर आणावयास जाऊन यादींत नसलेले पांच जिन्नस घेऊन येणें ही काटकसर नसून तिचें सोंग आहे.

या पक्षाचा पाठीराखा म्हणून अ‍ॅडम स्मिथ याचें नांव पुढें केलें जातें. आपल्या पानांत पडणारें अन्न हें दुकानदाराच्या परोपकारबुद्धीनें येत नसून त्याच्या स्वहितबुद्धीनें येतें, असें त्यानें १७७६ सालीं प्रतिपादन केलें. यावरून कित्येक असें अनुमान काढतात कीं, पैसे टाकले, पुडा उचलला, संबंध संपला. स्मिथच्या म्हणण्यावरून इतकेंच सिद्ध होतें कीं वाणी आपणांवर उपकार करीत नाहीं. आपण त्याच्याकडून जें जें घेतलें, त्या सर्वांची किंमत आपण चुकती केली काय, हा प्रश्न तसाच उरतो.

आपण वाण्याकडून काय घेतों? तांदूळ, डाळ, गूळ, साबण हें तर खरेंच. पण रात्रीं नऊ वाजतां पाहुणे आले असतां त्याचें दार उघडें असतें, हेंही आपण घेतों. पगार लांबला त्या महिन्यांत त्यानें वहींत लिहून ठेवलें आणि चारचौघांत त्याचा उच्चार केला नाहीं, हेंही घेतों. शेजारच्या एकट्या आजी दूरध्वनीवर अर्धवट यादी सांगतात आणि "नेहमींचीच चहापूड ना?" असें विचारून तो ती पुरी करतो, रव्यांत किडे निघाले तर पावती न मागतां रवा बदलून देतो. यांपैकीं कशाचाही दर फळ्यावर लिहिलेला नसतो. तो तुरीच्या डाळीच्या भावांत मिसळलेला असतो. मोठ्या दुकानापेक्षां जे दोन-चार रुपये तो अधिक घेतो, त्यांतला कांहीं भाग तरी त्याच्या तेथें बसून असण्याचें मोल आहे. असें असतां मोठी यादी दूरच्या दुकानास द्यावयाची, आणि विसरलेली काडेपेटी, अवेळीं लागलेलें हिंग व उपवासाचा पावशेर साबुदाणा यांसाठीं तेवढी वाण्याची आठवण ठेवावयाची, ही रीत म्हणजे हप्ता न भरतां विम्याचा लाभ घेण्यासारखी आहे. कायदा तिला दोष देत नाहीं. पण न्यायबुद्धीला ती खटकल्याशिवाय राहत नाहीं.

तथापि प्रश्नाची खरी धार याहून पुढें आहे. स्वस्त दुकान हें सर्वांस सारखें स्वस्त नसतें. त्या स्वस्ताईचा लाभ घेण्यास महिन्याचे पैसे एकदम हातीं असावे लागतात, माल आणण्यास वाहन लागतें, आणि तो ठेवण्यास कोठीची खोली नसली तरी निदान डब्यांची मांडणी लागते. ज्या बाई आपल्या व इतर तीन घरचीं भांडीं घासून संध्याकाळीं परततात, त्यांच्यापाशीं यांतलें कांहींच नसतें. रेशनवर धान्य मिळालें तरी तेल, तिखट, चहा, साबण यांसाठीं त्यांना रोज कोपऱ्यावरच्या दुकानींच जावें लागतें, आणि तें सामान त्या थोड्या थोड्या रुपयांचें घेतात. आतां विचार करा: तें दुकान कोणाच्या जोरावर उभें आहे? पाव किलोच्या विक्रीवर दुकानाचें भाडें आणि विजेचें बिल निघत नाहीं. तें आपल्यासारख्यांच्या भरगच्च याद्यांवर निघतें. या याद्या एकेक करून निघून गेल्या म्हणजे दुकान कांहीं एका दिवसांत बंद पडत नाहीं. आधीं मालाची विविधता कमी होते, मग माल पडून जुना होतो, मग उरलेल्या गिऱ्हाइकांवर भाव चढतो, आणि शेवटीं एके दिवशीं फळ्या लागतात. त्या दिवशीं आपली फारशी गैरसोय होत नाहीं, कारण आपणांस दुसरे मार्ग आहेत. ज्यांना ते नाहींत त्यांना मात्र त्याच तेलासाठीं मैलभर चालावें लागतें. म्हणजे आपण जी बचत केली तिचा एक भाग त्यांच्या पदरांतून आला; आणि आपणांस त्याचा पत्ताही लागला नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं हें वाण्याचें स्तोत्र झालें. तसें तें होऊं नये. जुन्या पेठेंतील दुकानाच्या आठवणी सांगतांना आपण दांडी मारलेली तागडी आणि धण्यांतली भेसळ सोयीस्करपणें विसरतों. उधारीची वही आपल्यास आधार होती, पण गरिबास ती बेडीही होती. कारण ज्याचें देणें आहे त्याच्याशीं भावाची घासाघीस करतां येत नाहीं. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या पदरांत वरून माल टाकणारा दुकानदारही याच महाराष्ट्रांत होऊन गेला. ज्यांच्या घराण्यानें हें सोसलें, त्यांना जेथें कोणी नांव-गांव विचारीत नाहीं आणि प्रत्येकास फळीवरचा जिन्नस हातानें उचलतां येतो असें दुकान थंड व कोरडें वाटत नाहीं. तें मोकळें वाटतें. ओळखीचा ओलावा सर्वांच्याच वाट्यास आला नव्हता, हें त्याचे गोडवे गातांना ध्यानांत ठेवावें.

दुकानदारावर आंधळा विश्वास टाकूं नये या जाणिवेंतूनच ग्राहकांची चळवळ निघाली, आणि तिचें एक माहेर पुणेंच आहे. १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं येथें ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ सालीं निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें तर शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून त्यांच्या महिन्याच्या याद्या एकत्र भरण्याची पद्धत घालून दिली. १९८६ सालीं देशाला ग्राहक संरक्षणाचा कायदा मिळाला. या मार्गाचे मूळ पुरुष म्हणजे इंग्लंडांतील रॉचडेल गांवचे विणकर व इतर कामकरी. त्या अठ्ठावीस जणांनीं १८४४ च्या डिसेंबरांत पीठ, लोणी, साखर असे मोजकेच जिन्नस मांडून आपलें दुकान थाटलें. माल शुद्ध, माप पुरें आणि व्यवहार रोखीचा, असा त्यांचा नियम होता. नफा ते ज्यानें जितकी खरेदी केली त्या मानानें वांटीत. त्यांनीं उधारी बंद केली ती निर्दयपणानें नव्हे, तर उधारीनें आपले भाईबंद दुकानदाराच्या मुठींत सांपडतात हें पाहून. जेथें असें सचोटीचें सहकारी दुकान चाललें आहे, तेथें यादी नेणें हें आमच्या मतें सर्वांत निर्दोष. कारण तेथें काटकसर आणि बंधुभाव यांचें भांडणच मिटलेलें असतें. पण असें दुकान चालविण्यास सभासदांनीं वेळ द्यावा लागतो, आणि तोच आज सर्वांस महाग झाला आहे.

वेळेचें नांव निघालें म्हणून मिनिटांत घरपोच येणाऱ्या पिशवीविषयीं दोन शब्द. चवथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धास किंवा तान्ह्या मुलाच्या आईस ती सोय मोलाची आहे, आणि त्यांनीं ती घेण्यांत कोणताही कमीपणा नाहीं. मात्र आपली घाई नाहींशी होत नसते. ती फक्त दुसऱ्याच्या अंगावर जाते. भर पावसांत लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दींतून दुचाकी काढणारा तरुण आपली घाई वाहत असतो. कोथिंबिरीची एक जुडी त्या घाईच्या योग्यतेची आहे काय, एवढें मनाशीं विचारून मग बोट टेकावें.

तर मग यादी न्यावी कोठें? सर्वांस एकच उत्तर देणें शक्य नाहीं. घराघराची मिळकत निराळी, पेठ निराळी. परंतु एक नियम आम्हांस सर्वत्र लागू करण्याजोगा दिसतो. ज्याच्या असण्यावर आपण विसंबतों, त्याच्या असण्याचा वाटा आपण उचलला पाहिजे. ज्याला खरोखर दमडीदमडी मोजावी लागते त्यानें स्वस्तांत स्वस्त दुकान गांठावें. त्याच्यावर या नियमाचा भार नाहीं. ज्यांच्या घरीं महिनाअखेरीस कांहीं उरतें, त्यांनीं मात्र यादीचा एक ठरलेला भाग, तृतीयांश म्हणा किंवा अर्धा म्हणा, जवळच्या दुकानासाठीं राखून ठेवावा, आणि तो दरमहा, न चुकतां, रोख द्यावा. हें दान नव्हे. दानांत घेणारा खालीं असतो व देणारा वर. येथें आपण वापरलेल्या वस्तूचें बिल तेवढें चुकवीत आहों. आणि हा दुकानदाराचा वंशपरंपरागत हक्कही नव्हे. माप खोटें निघालें, भेसळ आढळली, किंवा गिऱ्हाईक पाहून त्याची वागणूक बदलूं लागली, तर आपलें देणें त्या क्षणीं संपलें. तेथून यादी उचलणें हेंच मग कर्तव्य होय. आपल्याशीं तो गोड बोलतो एवढ्यानें भागत नाहीं. पाव किलो तेल मागणाऱ्या बाईशीं तो कसा बोलतो, हें आपला पुडा बांधून होईपर्यंत उभ्या उभ्या सहज पाहतां येतें. आणि दुकान निवडण्यास याहून चांगली कसोटी आम्हांस तरी ठाऊक नाहीं.