चार तळहात

भाच्याने गाडी घेतली ती सप्टेंबरात. मिशिगनच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरपासून जवळच असलेल्या हॉटन गावात तेव्हा मेपलची पानं लाल व्हायला लागली होती. गाडीही त्याच रंगाची. सेकंडहँड मस्टँग, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. उन्हाळ्यातल्या नोकरीत साठवलेला पै न् पै त्याने तिच्यात घातला होता.

भाचा मूळचा कराडचा, मिशिगन टेकमध्ये शिकणारा. मामा पुलापलीकडच्या हॅनकॉकमध्ये, क्विन्सी टेकडीवर, तांब्याच्या जुन्या खाणीजवळ राहायचे. बर्फावर गाड्यांच्या चाचण्या घ्यायच्या, हेच त्यांचं वीस वर्षांचं काम. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून टायरवरून हात फिरवला.

"देखणी आहे. पण टायर उन्हाळ्याचे आहेत. हिवाळाभर झाकून ठेवलीस तरी तुला कुणी नावं ठेवणार नाही."

"नाही मामा. मी तिला हिवाळ्यासाठी तयार करीन."

मामा हसले. "कर. पण इथला हिवाळा कसा असतो ते लक्षात ठेवून कर."

भाच्याने एक हिवाळा पाहिला होता, पण पायी आणि बसने. कॅनडाकडून येणारा गार वारा लेक सुपीरियरच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून जाताना बाष्प उचलतो आणि जमिनीवर येताच ते बर्फ करून टाकतो. केविनॉच्या या चिंचोळ्या भूभागावर वर्षाला दोनशे इंचांहून अधिक बर्फ पडणं नेहमीचंच. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तर ३९०.४ इंच पडला होता, म्हणजे जवळजवळ दहा मीटर. महामार्गाच्या कडेला त्याची उंची दाखवणारा खांब आजही उभा आहे.

भाचा मनापासून कामाला लागला. थंडीत बॅटरीचा जोर ओसरतो, उणे अठरा अंशांत निम्म्याहूनही कमी उरतो, म्हणून त्याने बॅटरी तपासून नवी घातली. कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं केलं की ते उणे सदतिसापर्यंत गोठत नाही. तसं भरून घेतलं. काच धुण्याचं पाणी न गोठणारं घातलं. गारठ्याने टायरमधली हवा आकसते, दर पाच-सहा अंशांना एक पौंड दाब उतरतो, म्हणून तो दर आठवड्याला हवा पाहू लागला. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही असं ठरवलं. डिकीत फावडं, घोंगडी, टॉर्च ठेवला. मागचा भाग हलका म्हणून सत्तावीस-सत्तावीस किलोची वाळूची दोन पोती मागच्या आसाच्या वर ठेवली आणि घट्ट बांधली. ब्रेक मारताच सैल पोतं पुढे येतं, हे त्याने वाचलं होतं.

राहिले टायर. हिशेब करताना त्याचा हात अडखळला. चार टायरांचे पैसे जड जात होते. मग त्याने स्वतःशी विचार केला: इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जातो, घसरतील ती मागचीच, तर पकडही मागेच हवी. दुकानदार म्हणाला, "घ्यायचे तर चार घे. दोनांनी गाडीचा तोल बिघडतो." भाच्याला वाटलं, याला चार विकायचेत. त्याने मागचे दोनच बसवून घेतले.

त्या रात्री मामांनी फोनवर विचारलं, "टायर बदललेस का रे?"

"हो मामा, बदलले."

किती, ते मामांनी विचारलं नाही. भाच्यानेही सांगितलं नाही.

चंपाषष्ठीला मामीने जेवायला बोलावलं. कराडजवळच्या पालीचा खंडोबा हे घराचं कुलदैवत; तिथून हजारो मैलांवरही मामी त्या दिवशी भरीत-भाकरी चुकवत नसे. दुपारपासून बर्फ पडत होता. भाचा वर उचलला जाणारा पूल ओलांडून हॅनकॉकमध्ये आला आणि क्विन्सीच्या चढाला लागला. पुढे एक गाडी चढावरच अडकली होती, तिची पुढची चाकं जागच्या जागी गरगरत होती. भाच्याने दुसरा गिअर घेतला, ॲक्सिलरेटरवर पाय अलगद ठेवला आणि मस्टँग तिच्या शेजारून शांतपणे वर निघून गेली. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, आणि मागे नवे टायर होते, वाळू होती. माथ्यावर पोचला तेव्हा त्याची छाती भरून आली होती.

"आलास कसा?" मामीने दारातच विचारलं.

"गाडी घेऊन! रस्त्यात एक जण अडकला होता, मी नाही अडकलो."

मामी कौतुकाने हसली आणि गरम भाकरीवर लोणी घातलं. मामा जेवण झाल्यावर कामावरून आले. अंगणातल्या गाडीवर तोवर वीतभर बर्फ साचला होता, टायर कुणाला दिसणार! रात्री दहाला भाचा निघाला.

उतार सुरू झाला आणि वळण दिसलं. वेग फार नव्हता, ताशी पंचवीस मैल असेल. त्याने ब्रेक दाबला. पायाखालचं पेडल थरथरलं, खडखडलं, पण गाडी थांबेना. स्टिअरिंग वळवलं, चाकं वळली, गाडी वळली नाही. ती सरळच जात राहिली. क्षणभरापूर्वीच समोरून एक गाडी वर गेली होती. तिचे मागचे लाल दिवे त्याला आरशात दिसले, आणि तेवढ्यात मस्टँग रस्त्याकडेला लोटून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात शिरली.

सगळं शांत झालं. त्याला खरचटलंही नव्हतं. हातांची थरथर मात्र थांबत नव्हती.

फोन करताच मामा आले. आधी त्यांनी वरच्या बाजूला चमकणारा त्रिकोण उभा केला, मग भाच्याच्या पाठीवर हात ठेवला, मग फावडं घेतलं. पुढचं चाक उकरून निघालं तेव्हा त्यांनी टॉर्च टायरवर धरला. काही बोलले नाहीत. पट्टा लावून गाडी ओढून काढली. बंपर फुटला होता, एक दिवा गेला होता.

सकाळी गॅरेजमध्ये मामा वाट पाहत होते. भाचा बोलणी खाण्याच्या तयारीने आला.

"पुढच्या टायरमध्ये नख रोव," मामा म्हणाले. नख रुतलं नाही. "आता मागच्यात." नख सहज आत गेलं.

"कराडला थंडी पडली की खोबरेल तेलाच्या बाटलीचं काय होतं?"

"गोठतं."

"या रबराचंही तसंच. सात अंशांच्या खाली उन्हाळी टायर कडक व्हायला लागतो. फार गारठला तर त्याला चिरासुद्धा पडतात. मागचं रबर या थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्यावर ज्या बारीक बारीक चिरा मुद्दाम पाडलेल्या असतात त्या बर्फाला धरतात." मामांनी आपला पंजा जमिनीवर टेकवला. "टायर केवढाही असो, जमिनीला लागतो तो एवढाच. तळहाताएवढा. तुझी दीड टनाहून जड गाडी चार तळहातांवर उभी असते. काल तिचे दोन हात जिवंत होते, दोन लाकडाचे."

"पण मामा, जोर तर मागच्या चाकांना..."

"जाण्याचा जोर मागच्यांना. वळवतं कोण? पुढची. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं, उतारावर तर आणखीच झुकतं, मग थांबवतं कोण? पुढचीच. चढताना सगळा भार तुझ्या चांगल्या टायरांवर होता. उतरताना तो तू न बदललेल्या टायरांवर गेला. रस्ता तोच, गाडी तीच."

भाचा खाली बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "निदान दोन तरी बदलले होते. काहीच केलं नव्हतं असं नाही."

"काहीच केलं नसतंस तर काल कुठे असतास?"

भाचा गप्प.

"पार्किंगमध्ये. चाकं जागीच फिरली असती आणि तू मला न्यायला बोलावलं असतंस. या दोन टायरांनी तुला माथ्यापर्यंत नेलं आणि तिथे सोडून दिलं. अर्धी तयारी अशी असते, बाळा. ती आपल्याला संकटापर्यंत सुखरूप पोचवते." मामा थोडं थांबले. "आणि मी विचारलं तेव्हा 'दोन' म्हणायला जीभ का अडली तुझी?"

भाच्याचे डोळे भरले. "तुम्ही चार घ्यायला लावले असते म्हणून."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"हो," भाचा म्हणाला. त्या एका शब्दाने त्याला हलकं वाटलं.

संध्याकाळी मामांनी कराडला आबांना, भाच्याच्या आजोबांना, फोन लावला. आबांनी एसटीत ड्रायव्हरकी केलेली, त्यातली बरीच वर्षं कुंभार्ली घाटात. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी नातवाला एकच विचारलं, "चढताना कंच्या गिअरात व्हतास?"

"दुसऱ्या."

"आन् उतरताना?"

"तिसऱ्या. माथ्यावर रस्ता सपाट होता म्हणून बदलला, तो तसाच राहिला."

"ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. माज्या उस्तादानं पयल्या दिवशी शिकवल्यालं." आबा थोडं थांबले. "घाटाच्या तोंडाशी आमी नारळ वाढवाया थांबायचो. देवाला हात जोडून व्हायचा, आन् गाडी थांबती का न्हाई त्येबी कळायचं. घाट चढवनं हे इंजनाचं काम, पोरा. उतरवनं डायवरचं."

"एवढंच ध्यानात ठेव," मामांनी पुस्ती जोडली, "बर्फावर तो गिअर उतार लागायच्या आधी घ्यायचा. मध्येच हिसक्याने खाली आणलास तर मागची चाकं अडखळतात आणि शेपूट फिरतं."

भाच्याने त्याच आठवड्यात पुढचे दोन टायर घेतले. दिव्याचे आणि बंपरचे पैसे वाचवलेल्या पैशांहून जास्त झाले, ते तो हप्त्याने फेडत राहिला.

रविवारी मामा त्याला परवानगी काढून एका रिकाम्या पटांगणात घेऊन गेले. भाच्याला वाटलं, आता घसरत्या गाडीला काबूत आणायला शिकवतील. पण मामांनी दोन फळकुटं रोवली आणि म्हणाले, "आधी थांबायला शीक." कोरड्या डांबरावर जेवढ्यात थांबतो, त्याच्या दहापट अंतर बर्फावर लागू शकतं, हे भाच्याने वाचलं होतं, त्या दिवशी त्याने ते पावलांनी मोजलं. तासभर तो फक्त थांबत होता. दुसऱ्या तासाला मागचं शेपूट सुटलं तर काय करायचं ते आलं: ॲक्सिलरेटर अलगद सोडायचा, घाबरून ब्रेकवर उभं राहायचं नाही, जिकडे जायचं तिकडे नजर ठेवायची आणि हात नजरेमागून न्यायचे. गाडी सावरली की स्टिअरिंगही वेळेत सरळ करायचं, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला झोका घेते.

जानेवारीतली एक दुपार. बर्फ भुरभुरत होता. भाचा मामीने दिलेला डबा शेजारच्या सीटवर ठेवून निघाला. उतार लागण्याआधी त्याने गाडी सुरक्षित जागी कडेला घेतली, अलगद ब्रेक दाबून पाहिला. गाडी थांबली. त्याने दुसरा गिअर घेतला आणि हळूहळू खाली आला. मागे एक ट्रक जवळ येत होता. भाच्याने वेग वाढवला नाही.

गावात शिरताच वळणाआड शाळेची पिवळी बस उभी होती, तिचे लाल दिवे लुकलुकत होते. एक लहानगी बसमधून उतरली. तिचा एक हातमोजा रस्त्याच्या मधोमध पडला आणि ती तो उचलायला वाकली.

भाच्याने ब्रेक दाबला. चारही चाकांनी एकदम रस्ता धरला. मस्टँग बसच्या बरीच अलीकडे, आवाज न करता थांबली. त्याने मागे येणाऱ्यांसाठी धोक्याचे दिवे लावले, आणि ट्रकही मागे सावकाश थांबला. मुलीने मोजा झटकला, हातात घातला आणि पलीकडच्या फाटकातून घरात गेली. तिने गाडीकडे पाहिलंही नाही. घाबरून पाहावं असं काही घडलंच नव्हतं.

लाल दिवे विझले. बस निघाली. भाचा मात्र क्षणभर तसाच बसून राहिला. चंपाषष्ठीच्या रात्री समोरून वर गेलेल्या गाडीत कोण होतं, हा प्रश्न त्याच्या मनात पहिल्यांदाच आला.

त्याने क्लच दाबला, दुसरा गिअर घेतला आणि गाडी हळूच पुढे काढली.

तात्पर्य: पुढे जाण्याची तयारी माणूस स्वतःसाठी करतो, थांबण्याची तयारी रस्त्यावरच्या सगळ्यांसाठी. ती अर्धी ठेवू नये.