काजीचं शिंगरू

पंजाबात काली बेईं नदीच्या काठी सुलतानपूर लोधी हे गाव आहे. पाचशे वर्षांपूर्वी तिथे नवाब दौलतखान लोदीचा अंमल होता. त्याच्या मोदीखान्यात, म्हणजे धान्यकोठारात, धान्य तोलायला तलवंडीहून आलेला एक तरुण बसे. नोकरी मेहुण्याने, जयरामने लावून दिलेली. बहीण नानकी तर भावावर जीव टाकणारी.

हा तरुण म्हणजे नानक. समोर गिऱ्हाईक, हातात तागडी आणि ओठांवर नाम. गावाला मात्र संशय आला, आणि तो अगदीच वावगा म्हणता येणार नाही. ज्याचं चित्त देवापाशी, त्याचा हिशोब धड कसा असेल? कुणीतरी नवाबाचे कान भरले, की मोदी कोठार लुटवतो आहे. जयरामची झोप उडाली. हिशोब तपासायचा हुकूम सुटला. वह्या आणि कोठार ताडून पाहिलं, तर तूट नव्हतीच. उलट नानकांचंच काही येणं निघालं. जयरामने सुटकेचा निःश्वास टाकला. नानकांनी पुन्हा तागडी उचलली.

पुढे एका पहाटे ते बेईंत स्नानाला उतरले आणि तीन दिवस दिसलेच नाहीत. परतले ते देवापुढे कुणी हिंदू नाही, कुणी मुसलमान नाही, असं सांगतच. काजी संतापला. नवाबाने बोलावून घेतलं. “भेद नाही म्हणतोस, तर आमच्याबरोबर नमाजाला चल,” असं आव्हान मिळालं. नानक गेले.

मशिदीत सगळे वाकले. नानक उभेच राहिले, आणि काजीकडे पाहून हसले.

नमाज संपताच काजी कडाडला, “हा आमच्या नमाजाला हसला!”

“नमाजाला नाही, काजीजी,” नानक म्हणाले. “आपल्या घोडीला नुकतंच शिंगरू झालंय. अंगणात विहीर आहे. ते विहिरीत तर पडणार नाही ना, या काळजीने आपण सारा वेळ घरीच होता. इथे नमाज कुणी पढली?”

काजीचा चेहरा उतरला. काही जनमसाख्यांत, म्हणजे नानकांच्या पारंपरिक चरित्रकथांत, नवाबालाही सोडलेलं नाही; त्याचं मन म्हणे काबूलला घोडे खरेदी करत होतं. पण नवाबाचा लोभ सहज ओळखू येतो. काजीची काळजी आपल्या घरातली आहे. मुक्या पिलाचा जीव वाचावा असं वाटणं हा काही गुन्हा नाही. बिघडलं ते वेगळंच: त्या काळजीने शिंगरू वाचणार नव्हतं आणि प्रार्थनाही हातची गेली. बिचारा ना मशिदीत होता, ना विहिरीच्या काठावर.

हा टोमणा एका धर्माला नाही. जानव्यालाही नानकांनी असेच प्रश्न विचारले होते. त्यांचा रोख होता मन एकीकडे आणि देह दुसरीकडे ठेवणाऱ्या भक्तीवर.

आणि इथे आपले नामदेव आठवतात. गुरु ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. त्याच ग्रंथात कबीरांनी सांगितलेला एक प्रसंग मात्र कमी जणांना ठाऊक असतो. नामदेव कापडावर छपाई करत बसलेले पाहून त्यांचे मित्र संत त्रिलोचन त्यांना टोकतात, की हे काय मांडलंय, रामाकडे चित्त का लावत नाही? नामदेव उत्तर देतात, की मुखाने नाम घ्यावं, हातापायांनी काम करावं आणि चित्त देवापाशी ठेवावं. स्वतः नामदेवांचंही एक पद तिथे आहे. त्यात पोर सोबत्यांशी गप्पा मारत पतंग उडवतं, पण त्याचं ध्यान दोरीवरून हलत नाही.

काजीपाशी तीच दोरी नव्हती. मोदीखान्यातल्या तरुणापाशी ती होती; म्हणून बालंट आलं तरी त्याचं माप चुकलं नाही आणि मनही डळमळलं नाही. नामस्मरणाने काम बिघडतं, असं म्हणणाऱ्यांनी तो हिशोब पुन्हा पाहावा.

नानक नंतर देशोदेशी हिंडले. पण अखेरची वर्षं त्यांनी ना गुहेत काढली, ना आसन घालून. रावीच्या काठी करतारपूर वसवून ते शेती करत राहिले. पहाटे कीर्तन, दिवसभर शेत आणि सगळ्यांसाठी एकच लंगर, असा तिथला क्रम होता. 1539 मध्ये त्यांनी तिथेच देह ठेवला.